छोट्या दुकानात शिक्क्यांचं कार्ड : परवडतं का?

शाईदौत

नमस्कार मंडळी. माझं वह्या, पेनं, रंग, ब्रश आणि चित्रकलेच्या कागदांचं लहानसं दुकान आहे. गल्ल्यावर मी एकटी, संध्याकाळच्या गर्दीला एक मुलगी मदतीला येते. नेहमीची गिऱ्हाइकं बऱ्यापैकी जमली आहेत आणि त्यांच्यासाठी शिक्क्यांचं कार्ड काढावं असं डोक्यात आहे. दर खरेदीला एक शिक्का, दहा शिक्के झाले की अकरावी वस्तू मोफत. साधं, सगळ्यांना कळणारं.

पण छापायला टाकण्याआधी हात अडखळतोय. जे गिऱ्हाईक कार्ड असो-नसो माझ्याकडेच येणार आहे, त्यालाच मी फुकट वस्तू देत बसेन का? की कार्डामुळे खरंच कोणी जास्त वेळा येतं? ज्यांनी स्वतःच्या दुकानात हे चालवलंय, किंवा चालवून बंद केलंय, त्यांचे अनुभव हवे आहेत. कागदी कार्ड बरं की फोन नंबरवरचे पॉइंट, तेही सांगा.

मांजरपावली

वाचतेय. शिवणकामाच्या साहित्याचं दुकान आहे, माझाही हाच प्रश्न.

गल्लेवाला

स्पष्ट बोलतो, राग मानू नका. तीस वर्षं हार्डवेअरच्या दुकानात काढली, एकही कार्ड काढलं नाही. गिऱ्हाईक टिकतं ते हवा तो माल हव्या त्या दिवशी मिळतो म्हणून. अर्ध्या इंचाचा स्क्रू मागितला आणि तो नसला, तर दहा शिक्के दिले तरी माणूस पुढच्या दुकानात जाणार. आणि 'मोफत' वस्तूचे पैसे शेवटी कुठून येतात? भावातूनच. मग भावच रास्त ठेवा की. कार्डं छापायचा खर्च वाचेल, गल्ल्यावरचा वेळ वाचेल.

पानखूण

गल्लेवाला, माल हवाच, त्यात वाद नाही. पण "भावच कमी करा" हे मला पटत नाही. माझं पुस्तकांचं दुकान आहे. आधी नेहमीच्या वाचकांना बिलात थोडी सूट द्यायचे. दोन महिन्यांत ती सूट त्यांच्या अंगवळणी पडली. पुढे एखाद्या पुस्तकावर देता आली नाही की चेहरे पडायचे, जणू मी त्यांच्याच खिशातून काढून घेतलं. कार्ड भरल्यावर मात्र माणूस स्वतः निवडून एक पुस्तक घेऊन जातो आणि ते त्याच्या लक्षात राहतं. एक आजी भरलेलं कार्ड घेऊन आल्या, अर्धा तास कपाटापाशी उभ्या होत्या. शेवटी नातीसाठी पुस्तक घेतलं आणि पहिल्या पानावर "दुकानाकडून" असं मला लिहायला लावलं. बिलातली सूट कोणी अशी जपून ठेवत नाही.

ताळेबंद

हिशेब तपासायचं काम करतो, म्हणून आकड्यांपासून सुरुवात करतो.

"दहावर एक मोफत" म्हणजे दहा टक्के सूट असं बहुतेकजण धरतात. विक्रीकडे पाहिलं तर अकरा वस्तूंत एक फुकट, म्हणजे साधारण ९ टक्के. पण दुकान विक्रीवर चालत नाही, नफ्यावर चालतं. समजा प्रत्येक वस्तूची किंमत १०० आणि तुमचा नफा त्यात ३०. दहा वस्तू विकून नफा झाला ३००. अकरावी मोफत दिली, ती तुम्हाला ७० ला पडली होती. हातात राहिले २३०. म्हणजे नफ्यातला जवळजवळ चौथा हिस्सा गेला. तो भरून काढायला विक्री सुमारे ३० टक्क्यांनी वाढावी लागेल.

हाच हिशेब नफा ६० असलेल्या वस्तूवर करा. दहा वस्तूंचा नफा ६००, मोफत वस्तू ४० ला पडलेली, राहिले ५६०. फरक जाणवणारही नाही. आणि नफा फक्त १० असेल तर? १०० मिळवले, ९० देऊन टाकले.

तेव्हा शाईदौत, कार्ड परवडतं का, हा प्रश्न अर्धाच आहे. कोणत्या मालावर परवडतं, ते विचारा. सगळी कार्डं भरली जात नाहीत आणि भरलेलीही सगळी परत येत नाहीत, त्यामुळे खरा खर्च यापेक्षा कमी येतो. पण आखणी करताना सगळी येतील असंच धरून चला.

शाईदौत

ताळेबंद, हे वाचून रात्री खरेदीची बिलं काढून बसले. वह्यांत माझ्या हाताशी फार थोडं राहतं. ब्रश, सुटे रंग, हाताने बांधलेल्या चित्रवह्या यांत चांगलं राहतं. आणि मी वेड्यासारखी "कोणतीही एक वस्तू मोफत" असं छापणार होते. एखाद्याने दहा पेन्सिली घेऊन अकरावी म्हणून सगळ्यात मोठी रंगपेटी उचलली असती तर?

ताळेबंद

उचललीच असती, आणि त्याचं काही चुकलंही नसतं. तुम्हीच छापलंय ना. भेटवस्तू नेमून द्या. जिथे नफा जास्त आहे आणि जी गिऱ्हाइकाला खरंच हवीशी वाटते अशी. दोन्ही अटी एकदम पाळायच्या. नाहीतर पडून राहिलेला माल भेट म्हणून खपवायचा मोह होतो आणि कार्डाची किंमत जाते.

कात्रीकंगवा

सलून चालवतो. आमच्याकडे गणित जरा वेगळं आहे. माझा माल म्हणजे माझा वेळ, आणि मंगळवार-बुधवारी दुपारी खुर्ची रिकामीच असते. रिकाम्या खुर्चीवर एक केस कापणं मोफत दिलं तर मला पडतं किती? टॉवेल धुण्याचं आणि माझ्या वीस मिनिटांचं. तेच रविवारी दिलं तर पैसे देणारं गिऱ्हाईक परत जातं.

म्हणून कार्डावर पहिल्या दिवसापासून छापलंय : मोफत वेळ मंगळवार ते गुरुवार, आणि त्या दिवशी येणाऱ्यांना दोन शिक्के. रविवारची गर्दी थोडी आठवड्यात सरकली. मला कार्डाचा खरा फायदा तिथे झाला. माणसं जास्त वेळा आली असं नाही, केस काही कार्ड बघून वाढत नाहीत.

सहज_आलो

गिऱ्हाइकाच्या बाजूने लिहितो. माझ्या पाकिटात अशी सात कार्डं आहेत आणि ज्या दुकानात उभा असतो तिथलं कार्ड नेमकं घरी असतं. मग दुकानदार म्हणतो, "पुढच्या वेळी दोन शिक्के मारू." पुढच्या वेळी गल्ल्यावर दुसराच माणूस. आता त्याला कसं पटवायचं? दोन शिक्क्यांसाठी वाद घालणं मला जमत नाही, पण मन खट्टू होतं एवढं खरं. कार्ड नसतं तर हे वाटलंही नसतं.

पानखूण

सहज_आलो, अगदी हेच आमच्याकडे व्हायचं. त्यावर मी कार्डं दुकानातच ठेवायला लागले. गल्ल्याशेजारी लाकडी खोका, अ ते ज्ञ असे पुठ्ठ्याचे कप्पे. माणूस आला की नाव सांगतो, कार्ड काढायचं, शिक्का मारायचा, परत ठेवायचं. हरवणं संपलं. शिवाय नावं आपोआप पाठ झाली, हा मला झालेला सगळ्यात मोठा लाभ.

निरीक्षक

मानसशास्त्र शिकवते. "कार्डामुळे खरंच कोणी जास्त वेळा येतं का" यावर एक चांगला प्रयोग झालेला आहे.

जोसेफ न्युनेस आणि झेवियर ड्रेझ या दोघांनी गाड्या धुण्याच्या एका केंद्रावर ३०० कार्डं वाटली. निम्म्या लोकांना आठ चौकटींचं कोरं कार्ड : आठ वेळा गाडी धुवा, पुढची मोफत. उरलेल्या निम्म्यांना दहा चौकटींचं, पण त्यात दोन शिक्के आधीच मारलेले. दोघांनाही आठच वेळा यायचं होतं. कोऱ्या कार्डवाल्यांपैकी १९ टक्के लोकांनी कार्ड पूर्ण केलं, दोन शिक्केवाल्यांपैकी ३४ टक्क्यांनी. शिवाय दुसऱ्या गटाच्या दोन भेटींमधलं अंतरही कमी होतं. हा निबंध २००६ साली प्रसिद्ध झाला. सुरू झालेलं काम अर्धवट सोडवत नाही, एवढाच त्याचा गाभा.

त्याच वर्षी रॅन किवेट्झ आणि सहकाऱ्यांनी कॅफेतल्या शिक्क्यांच्या कार्डावर काम केलं. शेवटचे शिक्के जवळ आले की लोक लवकर लवकर येतात आणि बक्षीस मिळालं की वेग पुन्हा मंदावतो. या विचाराचं मूळ क्लार्क हल यांच्या १९३२ च्या उंदरांवरच्या लेखनात आहे. चक्रव्यूहात खाणं जवळ आलं की उंदीर जोरात धावतात.

गल्लेवाला

म्हणजे माझ्या दुकानात येणारे सुतार, गवंडी हे सगळे उंदीर धरायचे का? :)

निरीक्षक

नाही हो :) रांगेत पुढे फक्त दोन माणसं उरली की कोणी रांग सोडत नाही ना, तसंच हे. तुम्ही स्वतः पुस्तकाची शेवटची वीस पानं कशी वाचता ते आठवा.

गल्लेवाला

हे पटलं.

चाकआरा

सायकल दुरुस्तीचं दुकान. कार्ड काढलं, दीड वर्षात बंद केलं. कारण सोपं होतं, पण मला उशिरा दिसलं. माझ्याकडे माणूस वर्षातून तीन-चारदा येतो. दहा शिक्के व्हायला तीन वर्षं! तोवर कार्ड कुठे, मी कुठे. एक गृहस्थ पहिलं कार्ड घेऊन आले तेव्हा त्यावर चारच शिक्के होते आणि कागद पिवळा पडला होता.

आता त्याऐवजी सायकलच्या दांड्याला एक चिठ्ठी बांधतो : आज काय केलं, साखळी पुन्हा कधी बघायची. लोक त्या चिठ्ठीमुळे परत येतात. शाईदौत, आधी हे मोजा की तुमचं नेहमीचं गिऱ्हाईक वर्षात कितीदा येतं. कार्ड तीन-चार महिन्यांत भरत नसेल तर चौकटी कमी करा किंवा कार्डाचा नाद सोडा.

मांजरपावली

मला भीती वेगळीच आहे. खरेदीला एक शिक्का म्हटलं की लोक एकाच सामानाची चार बिलं मागतील. दोऱ्याचं रीळ वेगळं, बटणं वेगळी, चेन वेगळी.

ताळेबंद

मागतील. त्यावर उपाय म्हणजे शिक्क्याला किमान रकमेची अट. ती ठरवताना सरासरी बिल बघू नका, एखाददुसरं मोठं बिल सरासरी फुगवून ठेवतं. महिन्याची बिलं लहान-मोठी क्रमाने लावा आणि बरोबर मधलं बिल बघा. अट त्याच्या किंचित वर ठेवा. म्हणजे निम्म्याहून थोड्या जास्त लोकांना अजून एखादी वस्तू घ्यावीशी वाटेल, पण कोणालाच ती डोंगराएवढी वाटणार नाही. आणि एका दिवशी एकच शिक्का. एवढ्याने बिलं तोडणं आपोआप थांबतं.

जुनंपान

अवांतर आहे, पण विषयाला धरून.

शिक्के गोळा करायचा हा खेळ शंभर वर्षांहून जुना आहे. अमेरिकेत १८९६ साली स्पेरी आणि हचिन्सन यांनी कंपनी काढली. ती दुकानदारांना हिरवी तिकिटं विकायची, दुकानदार ती खरेदीच्या प्रमाणात गिऱ्हाइकाला द्यायचे, गिऱ्हाईक वहीत चिकटवायचं आणि वह्या भरल्या की कंपनीच्या यादीतून वस्तू मिळायची. ब्रिटनमध्ये १९५८ साली रिचर्ड टॉम्पकिन्स यांनी ग्रीन शील्ड नावाने तेच सुरू केलं. टेस्को या किराणा दुकानांच्या साखळीने १९६३ मध्ये ती तिकिटं घेतली आणि १९७७ मध्ये सोडून देऊन भाव उतरवले. म्हणजे आपल्या गल्लेवाल्यांचंच म्हणणं! आणि मग त्याच टेस्कोने १९९५ मध्ये स्वतःचं क्लबकार्ड आणलं. तेव्हा हेतू बदलला होता. कोण काय घेतं हे कळावं म्हणून ते कार्ड होतं. त्याआधी १९८१ मध्ये अमेरिकन एअरलाइन्सने प्रवासाच्या मैलांची योजना आणली होती.

आणि एक धडा. १९९२ साली ब्रिटनमध्ये झाडू-यंत्रं विकणाऱ्या हूवर कंपनीने १०० पौंडांच्या खरेदीवर दोन विमान तिकिटं मोफत जाहीर केली. लोकांना झाडू-यंत्र नको होतं, तिकिटं हवी होती. तिकिटांची किंमत खरेदीपेक्षा कितीतरी जास्त. कंपनीला सुमारे पाच कोटी पौंडांचा फटका बसला, खटले वर्षानुवर्षं चालले आणि १९९५ मध्ये तो युरोपातला धंदाच विकावा लागला. भेट वस्तूपेक्षा मोठी झाली की असं होतं.

ताळेबंद

जुनंपान, छान आठवण. याच कारणाने मोठ्या कंपन्यांना हिशेबात पॉइंट म्हणजे देणं दाखवावं लागतं. आयएफआरएस १५ हे आंतरराष्ट्रीय हिशेबाचं मानक १ जानेवारी २०१८ पासून लागू आहे. त्यानुसार विक्रीतला काही भाग पॉइंटच्या नावाने बाजूला ठेवायचा आणि पॉइंट वापरले गेले किंवा त्यांची मुदत संपली की मगच तो उत्पन्नात धरायचा. छोट्या दुकानाला एवढं करायची गरज नाही, पण वहीच्या शेवटच्या पानावर दर महिन्याला लिहून ठेवा : बाहेर किती कार्डं आहेत, त्यातली निम्म्याच्या पुढे किती. ते तुमच्या डोक्यावरचं कर्जच आहे.

पानखूण

कर्ज म्हटलंत, त्यावरून माझी चूक सांगते, कारण ती दुसऱ्या कोणी करू नये.

तिसऱ्या वर्षी मला हिशेब जड जायला लागला. मी दहाच्या बारा चौकटी केल्या. नवीन कार्डांवर केल्या असत्या तर ठीक होतं. मी खोक्यातली जुनी कार्डंही बदलली. सात शिक्के असलेल्याचे सातच ठेवले, पण पुढे तीनऐवजी पाच बाकी. आठवड्याभरात एक शिक्षक आले, गेल्या कित्येक वर्षांचे वाचक. कार्ड हातात घेतलं, मोजलं, काही बोलले नाहीत. पुस्तकाचे पैसे दिले आणि गेले. ते पुन्हा आले नाहीत. तीन-चार महिन्यांनी रस्त्यात भेटले तेव्हा मीच विषय काढला. ते म्हणाले, "दोन शिक्क्यांचं काही नाही हो, पण तुम्ही मला विचारलं नाहीत."

त्या दिवशी परत येऊन सगळी जुनी कार्डं दहावर आणली आणि प्रत्येकाला आला तसा माफी मागून सांगितलं. त्या शिक्षकांचं कार्ड अजून माझ्या खोक्यात आहे, आठ शिक्क्यांचं. दुकान बंद करेपर्यंत ते तिथेच राहील.

मांजरपावली

पानखूण, हे वाचून गलबलून आलं.

कात्रीकंगवा

+१. योजना बदला, बंद करा, काहीही करा, पण दिलेली कार्डं दिलेल्या शब्दावर संपवायची. मी भाव वाढवले तेव्हाही जुन्या कार्डांवर मोफत ते मोफतच ठेवलं.

कळफलक

फोनवरच्या पॉइंटबद्दल कोणी बोललं नाही, म्हणून लिहितो. माझं कामच दुकानांच्या संगणक प्रणालींचं आहे आणि तरीही शाईदौत यांना मी कागदच सुचवेन.

फोन नंबरवरच्या योजनेत शिक्के हरवत नाहीत, हिशेब आपोआप होतो, गल्ल्यावरच्या मुलीने मैत्रिणीला गुपचूप दोन शिक्के जास्त मारले तर दिसतं. हे सगळं खरं. पण दर महिन्याला भाडं भरावं लागतं, गर्दीत नंबर विचारून टाइप करण्यात रांग अडते, आणि नंबर घेतला की तो सांभाळायची जबाबदारी तुमची. माझ्या ओळखीच्या एका खेळण्यांच्या दुकानाने अशी सेवा घेतली होती. ती सेवा पुरवणाऱ्यांनी एक दिवस गाशा गुंडाळला. पॉइंट कोणाचे किती, हे कळायचा मार्गच उरला नाही. दुकानदाराने दोन महिने लोक सांगतील तो आकडा खरा मानून भेटी दिल्या. माणूस सच्चा म्हणून निभावलं.

फोनवर करायचंच असेल तर दोन गोष्टी. दर आठवड्याला यादी स्वतःच्या संगणकात उतरवून ठेवा. आणि गरज नसलेली माहिती मागू नका. वाढदिवसाची पूर्ण तारीख, पत्ता, ईमेल कशाला? नंबर पॉइंटसाठी घेतला असेल तर त्यावर जाहिरातींचे संदेशही पाठवू नका. त्याची वेगळी परवानगी विचारा. लोक नाही म्हणाले तर नाही.

सहज_आलो

कळफलक यांना शंभर वेळा अनुमोदन. पेन घ्यायला गेलो आणि नंबर मागितला की मी पेन ठेवून निघतो.

खिळेजुळारी

छापखान्यातून लिहितोय. सगळे योजनेवर बोलले, कार्डावर कोणीच नाही, म्हणून.

चकचकीत कार्ड घेऊ नका. गिऱ्हाइकांना आम्ही दाखवतो तेव्हा तेच आवडतं, पण त्यावर साध्या शिक्क्याची शाई सुकत नाही. अंगठा लागला की पसरते, आणि पाकिटात गेल्यावर शिक्क्याची उलटी छाप समोरच्या नोटेवर उठते. बिनचकाकीचा कागद घ्या, तीनशे जीएसएमच्या (एका चौरस मीटरचं वजन तीनशे ग्रॅम) आसपास, म्हणजे वाकत नाही आणि शाई पितो. एक बाजू चकचकीत हवीच असेल तर चौकटींची बाजू बिनचकाकीची ठेवून घ्या. चौकट शिक्क्यापेक्षा दोन-तीन मिलिमीटर मोठी असू द्या. गर्दीत शिक्का तिरका पडतोच, आणि तो शेजारच्या चौकटीत गेला की "हे दोन की एक" यावर चर्चा होते.

भोक पाडायचं यंत्र वापरणार असाल तर गोल किंवा चांदणीचं नको, तसलं कुठेही मिळतं. शिक्का स्वतःच्या चिन्हाचा बनवून घ्या, आतच शाई असलेला, आणि शाईचा रंग नेहमीचा निळा-काळा सोडून काहीतरी. शाईदौत, तुमच्याकडे तर रंगांना तोटा नाही. आणि पहिली खेप थोडी छापा. पहिल्या कार्डात काहीतरी चुकतंच. पाच हजार छापून ठेवलेली माणसं ती चूक पाच वर्षं वाटत बसतात.

चाकआरा

हा प्रतिसाद मला दोन वर्षांपूर्वी मिळायला हवा होता. माझ्याकडे अजून अर्धा खोका चकचकीत कार्डं आहेत, मागच्या बाजूला हिशेब लिहितो.

शाईदौत

सगळ्यांचे मनापासून आभार. गेल्या महिन्याची बिलं क्रमाने लावून मधलं बिल काढलं. नेहमीची गिऱ्हाइकं महिन्यातून साधारण दोनदा येतात. म्हणजे दहा चौकटींना पाच महिने. जास्त होतंय, म्हणून आठच चौकटी, त्यातल्या पहिल्या दोन मी कार्ड देतानाच मारणार. निरीक्षक, तुमचा प्रयोग उचलला! भेट म्हणून हाताने बांधलेली लहान चित्रवही किंवा एक गोल ब्रश, दोन्हींतलं काहीही. कागद बिनचकाकीचा, शाई जांभळी. कार्डं पानखूण यांच्यासारखी खोक्यात. ज्याला घरी न्यायचं त्याने न्यावं, नाव पूर्ण लिहिलंच पाहिजे असं नाही. मदतीच्या मुलीला मी आणि ती एकत्र बसून नियम लिहून दिले, म्हणजे माझ्या मागे तिला कोणाशी वाद घालावा लागणार नाही. आणि तळाला छापलंय : "नियम बदलले तरी हे कार्ड याच नियमांवर पूर्ण होईल."

गल्लेवाला, तुमचा स्क्रू मी विसरलेले नाही. दोनशे जीएसएमचा खडबडीत कागद माझ्याकडे दर पंधरा दिवसांनी संपतो आणि त्यासाठी लोक परत जातात, हे मला माहीत आहे.

गल्लेवाला

मग आधी तो भरा.

शाईदौत

चार महिन्यांनी परत आलेय. धागा वर काढल्याबद्दल माफ करा.

नफ्याचं विचाराल तर फार मोठा फरक नाही. थोडं वाढलंय, पण शाळा सुरू व्हायचा काळही मध्ये येऊन गेला, म्हणून ते सगळं कार्डाच्या खात्यात टाकायला मी तयार नाही. नेहमीची माणसं तशीच येतात. मला भीती होती तसं त्यांना मी भेट देते आहे, हे खरं आहे. पण देताना वाईट वाटत नाही. एका मुलाने सहाव्या शिक्क्यालाच चित्रवहीचा आकार मोजून घेतला होता, पट्टी लावून.

ज्याची मी कल्पनाच केली नव्हती ती गोष्ट खोक्यात सापडली. गेल्या रविवारी दुकान बंद ठेवून सगळी कार्डं टेबलावर मांडली. भरलेली एका बाजूला, चालू एका बाजूला, आणि सहा आठवड्यांत हात न लागलेली तिसऱ्या बाजूला. त्या तिसऱ्या ढिगात बावीस कार्डं. त्यातली बहुतेक चार-पाच शिक्क्यांवर थांबलेली, म्हणजे नवखी नव्हेत. नावं वाचत गेले तसं लक्षात आलं की यातली निम्मी माणसं जलरंगवाली आहेत. त्यांना लागतो तोच खडबडीत कागद. पुरवठादाराने पाठवला नाही म्हणून सव्वा महिना माझ्याकडे नव्हता आणि मी तो विषय "येईल तेव्हा येईल" म्हणून सोडून दिला होता.

एरवी ही माणसं येईनाशी झाली आहेत हे मला कळलंच नसतं. दुकानात रोज कोण येतं ते दिसतं, कोण येत नाही ते दिसत नाही.

पानखूण

शाईदौत, माझा खोका इतकी वर्षं आहे आणि मी कधी अशी मांडणी केली नाही. या रविवारी करते.

ताळेबंद

हे माझ्या कोणत्याच ताळेबंदात दिसलं नसतं.

गल्लेवाला

कागद भरला का?

शाईदौत

हो. दुसऱ्या पुरवठादाराकडून, दोन महिन्यांचा एकदम. दारावर पाटी लावलीय. त्या बावीसमधले तिघे येऊन गेले, एका बाईंनी आल्या आल्या विचारलं, "माझं कार्ड आहे ना अजून?" पाच शिक्के होते, सहावा मारला.

मांजरपावली

खोक्यात कप्पे आडनावावरून करायचे की पहिल्या नावावरून? माझ्याकडे उद्या कार्डं छापून येतायत.

शाईदौत

पहिल्या नावावरून. आडनाव कोणी सांगतच नाही. आणि 'स'ला दोन कप्पे ठेवा, तो लगेच भरतो.